जवानाच्या उसाला लागलेली आग

जळक्या उसाचा वास कुठून आला की ते प्रकरण आजही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. निवृत्त झाल्यापासून मी सांगलीत, विश्रामबागला राहतो. हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या रस्त्यावरून धडधडत जातात. त्यातली एखादी जळलेल्या उसाची असते. बायको लगेच खिडकी लावून घेते आणि मी मात्र गॅलरीत जाऊन उभा राहतो. खून, दरोडे, घरफोड्या यांचे तपास मी पुष्कळ केले, पण त्यातले निम्मे आता आठवायचे म्हटले तर डोकं खाजवावं लागतं. या प्रकरणात ना कोणी मेलं, ना कोणी तुरुंगात गेलं. तरी ते विसरता येत नाही.

त्या वेळी कुंडल आणि तासगावच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना सुखानं राहू द्यावं. मी मूळचा वाईचा, शहरी घरातला. माझं सरकारी पिस्तूल सोडलं तर आमच्या सात पिढ्यांत कोणी हत्यार हातात धरलं नव्हतं. त्यामुळे फौजी गाव ही काय चीज असते हे मला तिथं गेल्यावरच कळलं.

त्या गावात घरटी एक माणूस सैन्यात. सुट्टीवर आलेला जवान एसटीतून उतरला की हॉटेलवाला त्याच्याकडून चहाचे पैसे घेत नसे. पण याहून मोठी एक पद्धत होती. जो माणूस नोकरीवर आहे त्याच्या रानातलं अवजड काम गावातले निवृत्त फौजी वाटून घेत. उसाची लागण, मातीची भरणी, खतं टाकणं, रात्रपाळीचं पाणी पाजणं, सगळं. याला ते ‘ड्यूटी’ म्हणत. कोणाच्या रानात कोणाची ड्यूटी हे सकाळी शाळेच्या मैदानावर ठरे. तिथंच एक निवृत्त सुभेदार भरतीला उतरणाऱ्या पोरांना पळवत, दोरावर चढवत आणि मनसोक्त शिव्या देत. पोरं त्यांना उस्ताद म्हणत. सत्तरीच्या जवळ आलेला, काठीसारखा ताठ माणूस. मला पाहिलं की कडक ‘जय हिंद’ घालायचे आणि माझ्या सुटलेल्या पोटाकडे एक नजर टाकायचे. ती नजर मला फारशी आवडत नसे.

उन्हाळा तोंडावर आला होता. एके दिवशी उन्हं कलताना ठाणे अंमलदार माझ्या खोलीत आला. गावच्या पोलीस पाटलाचा फोन होता. येरळा नदीच्या बाजूला ऊस पेटला होता आणि तो ऊस सीमेवर असलेल्या जवानाचा होता. मी जीप काढली. आम्ही पोहोचलो तेव्हा आगीचा जोर ओसरला होता. उसाच्या वाळल्या पाचटाचा काळा भुगा हवेत उडत होता आणि सुभेदारांसह चौघे-पाच निवृत्त फौजी पाठीवर फवारणीचे पंप घेऊन चारी बाजूंनी पाणी मारत होते. धावपळ नाही, आरडाओरड नाही. मी मनात म्हटलं, शिस्त असावी तर अशी. तेव्हा एवढंच म्हटलं.

बांधावर जवानाची बायको उभी होती. गावात सगळे तिला वहिनी म्हणत, मीही तेच म्हणतो. चाळिशीकडे झुकलेली बाई. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, शाळेत जाणारी लहान मुलगी आणि एवढं रान एकटीच्या अंगावर. ती रडत नव्हती. पदर तोंडाला लावून नुसती बघत होती.

“वायरिंगचं घर्षण झालं आसंल सायेब,” सुभेदार माझ्याजवळ येऊन म्हणाले. “वरनं तारा गेल्यात. दरसाली हुतंय कुठं ना कुठं.”

उन्हाळ्यात ऊस पेटण्याचं ते नेहमीचं कारण. मी ‘आकस्मिक जळीत’ म्हणून नोंद करायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला गेलो. घाई करणं भाग होतं. जळलेला ऊस ठेवून चालत नाही, त्याचं वजन आणि गोडी दोन्ही झपाट्यानं उतरतात. म्हणून कारखाना अशा उसाला सगळ्यांच्या आधी तोड देतो. तोडणी टोळी दुपारपर्यंत रानात उतरणार होती आणि एकदा कोयते चालले की पुरावा म्हणून काही उरणार नव्हतं.

पंचनाम्याला वीज मंडळाचा तारवाला बोलावला होता. त्यानं तारांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“ह्या लाइनला ह्या आठवड्यात दिवसाची लाइट न्हाईच सायेब,” तो म्हणाला. “रातची पाळी चालू हाय. बिनलाइटीच्या तारा घासल्या तरी ठिणगी कुठनं पडायची?”

शेतीच्या विजेची तिकडं पाळी असते. एका भागाला एक आठवडा दिवसा, तर पुढचा आठवडा रात्री. म्हणजे तारांचं कारण बाद झालं. आग कोणीतरी लावली होती. आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बाजूला शेजाऱ्याचा ऊस होता, त्या बाजूची पट्टी पाचट ओढून साफ केलेली होती. आग तिथं येऊन थांबली होती. तो शेजारचा ऊस होता जवानाच्या सख्ख्या थोरल्या भावाचा.

मी ठाण्यात परत येऊन चहाचा पहिला घोट घेतोय तोच वहिनी आल्या. एकट्याच, चालत फाट्यापर्यंत आणि तिथून एसटीनं. समोर बसल्या आणि एका दमात बोलल्या.

“सायेब, आग माझ्या थोरल्या दिरानं आन् पुतण्यानं लावली. लिवून घ्या.”

“कशावरून?”

“सामाईक हिरीच्या पाण्यावरनं आमचं भांडाण हाय. गेल्या म्हैन्यात थोरलं दीर सगळ्या गावासमोर म्हणालं, तुझ्या उसाला आग लागली तरी मी हातात बादली घ्यायचो न्हाई. आन् काल आग लागली तवा माझा पुतण्या रानाच्या कडंनं पळत जाताना शेजारणीनं बघितलाय. त्यांचा ऊस बघा, एक पान जळलं न्हाई. आमचा राख झाला.”

तर्क बिनचूक होता. हेतू आहे, संधी आहे, प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार आहे. एखाद्या नव्या अधिकाऱ्यानं तिथल्या तिथं फिर्याद घेतली असती. पण माझ्या हवालदारानं, जो त्या गावचा बीट सांभाळायचा, मला बाहेर बोलावलं आणि हळूच सांगितलं की तो पुतण्या सैन्याच्या भरतीत नुकताच निवडला गेलाय. जायची तारीख अजून आलेली नाही. चारित्र्य पडताळणीचे कागद आपल्याच ठाण्यात यायचेत.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. निवड झालेल्या पोराच्या गावच्या ठाण्याकडून अहवाल मागवला जातो, की याच्यावर काही गुन्हा आहे का, वागणूक कशी आहे. फिर्यादीत संशयित म्हणून नाव आलं की त्या पोराची गाडी तिथंच अडकते. पुढं तो निर्दोष सुटला तरी तोवर तुकडी निघून गेलेली असते, वय निघून गेलेलं असतं. त्या गावात अशा पोराला आयुष्यभर गल्लीतून मान खाली घालून चालावं लागतं. मी आत येऊन वहिनींना विचारलं, “याचा परिणाम काय होईल ठाऊक आहे ना?”

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “त्येला पायावर झोपवून मीच न्हाऊ घातलाय सायेब. पण माझा नवरा तिकडं बरफात हुबा हाय. त्येच्या रानाला आग लावणाऱ्याला मी माझा म्हणू व्हय?”

मी जबाब लिहून घेतला, पण गुन्हा दाखल करायच्या आधी चौकशी करतो म्हणून सांगितलं. हवालदाराला साध्या कपड्यांत मोटारसायकलवर पाठवलं. पोराला गुपचूप आण, गावात बोभाटा नको, एवढंच बजावलं. पोराच्या मागोमाग त्याचा बापही एसटी पकडून ठाण्यात आला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

पोरगा विशीचा, उंच, हनुवटीवर नुकती दाढी फुटलेली. माझ्यासमोर सावधानमध्ये उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

“काल संध्याकाळी काकीच्या रानाकडे गेला होतास?”

“व्हय सायेब. पळायला गेल्तो. रोज जातो.”

“आग लागली तेव्हा तिथं होतास?”

“व्हय.”

“मग विझवायला का गेला नाहीस? उलट्या दिशेनं का पळालास?”

गप्प.

“आग तू लावलीस?”

“न्हाई.” हे उत्तर मात्र ताडकन आलं.

“मग कोणी लावली?”

पुन्हा गप्प. मी आवाज चढवला. मला आवाज चढवायला फार वेळ लागत नसे. भरतीचं सांगितलं, पडताळणीचं सांगितलं, त्याच्या आईचं सांगितलं. पोराच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण मान काही हलेना. शेवटी म्हणाला, “सायेब, मी काय केलं न्हाई. बाकीचं मला इचारू नका. काय व्हायचं ते हूं दे.”

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी हजारो माणसांना समोर उभं केलं असेल. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, गोष्ट रचून सांगतो, न विचारलेलंही सांगतो. हे पोरगं तसं नव्हतं. त्याला काहीतरी दिसलं होतं आणि ते सांगण्यापेक्षा त्यानं स्वतःचं नुकसान पत्करायचं ठरवलं होतं. बापाला वाचवत असेल का? मी व्हरांड्यात जाऊन बापाकडे पाहिलं. तो बाकावर बसून तावातावानं हवालदाराशी भांडत होता. “माझ्या भावाचं रान हाय ते! तोंडानं बोललो म्हंजे काडी लावली व्हय? मी काल तासगावला हुतो, बेदाण्याच्या सौद्याला. शंभर माणसं सांगतील.” हवालदारानं दोन ठिकाणी फोन लावला. माणूस खरं बोलत होता.

मला चैन पडेना. टोळीचे कोयते सुरू व्हायच्या आत रान पुन्हा एकदा बघावं म्हणून मी वहिनींनाच जीपमध्ये घेऊन निघालो, हवालदार मोटारसायकलवर मागोमाग आला. वाटेत त्यांनी एकच गोष्ट सांगितली. ऊस केव्हाच तोडीला आला होता, तुरे फुटले होते, विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. पण टोळीच्या मुकादमानं खुशाली मागितली होती, म्हणजे वरकमाई. ती दिल्याशिवाय टोळी रानात येत नाही आणि वहिनी ती द्यायला तयार नव्हत्या. नवऱ्यानं बजावलं होतं, मी तिकडं सरळ चालतो, तू इकडं वाकडं काही करू नको. रोज कारखान्याच्या गट ऑफिसात हेलपाटे मारायच्या, रोज हात हलवत परत यायच्या.

रानात पोहोचल्यावर मी चारी बाजूंनी फिरलो. विहिरीजवळ मोटारीची खोली आहे, तिच्या मागच्या बाजूला सकाळी आम्ही कोणी गेलो नव्हतो. तिथं ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या ठेवल्या होत्या. सरीसरीतून काढलेल्या, पुसलेल्या, गोल गुंडाळून सुतळीनं बांधलेल्या. सगळी भेंडोळी एकाच मापाची. फौजी माणूस बदलीच्या वेळी आपला बिस्तरा बांधतो तशी.

“या नळ्या केव्हा काढल्यात?” मी विचारलं.

वहिनी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनाच नवल वाटलं. “मी न्हाई काढल्या. तोडच न्हाई तर नळ्या कशाला काढू? त्या रानातच हुत्या. मला तर वाटलं जळून गेल्या सगळ्या.”

“तुमच्या दिरांनी काढल्या असतील?”

एवढ्या दुःखातही त्यांना हसू आलं. “आवं, त्येंच्या नळ्या उंदरांनी खाल्ल्या तरी रानातच पडून असत्यात. त्यो माणूस सवताच्या गुंडाळत न्हाई, माझ्या कशाला गुंडाळंल?”

मी तिथल्या दगडावर बसलो. सूडानं आग लावणारा माणूस नळ्या कशाला वाचवेल? त्या जळल्या तर त्याला आनंदच व्हायला हवा. ज्यानं हे केलं त्याला वहिनींचं नुकसान होऊ द्यायचं नव्हतं. शेजारच्या उसाला धग लागू द्यायची नव्हती. आग चारी बाजूंनी ताब्यात ठेवायला माणसं होती, पंप होते, शिस्त होती. आणि आग लागली की काय होतं? तोड मिळते. कालपर्यंत जी टोळी खुशालीशिवाय येत नव्हती ती आज आपण होऊन येणार होती. माझ्या डोक्यात सगळं जुळलं आणि पाठोपाठ ते गप्प उभं राहिलेलं पोरगंही समजलं. उस्तादांना त्यानं पाहिलं होतं.

वहिनींना मी काही बोललो नाही. त्यांना हवालदाराबरोबर ठाण्यात पाठवलं आणि शाळेच्या मैदानावर गेलो. सुभेदार पोरांना लांब उडीची रेती चाळायला लावत होते. मी त्यांना बाजूला घेतलं. मला वाटलं होतं, आडवळणानं विचारावं. पण माझ्या तोंडून सरळच निघालं.

“सुभेदारसाहेब, तुमचा एक पोरगा सकाळपासून माझ्या ठाण्यात उभा आहे. बस म्हटलं तरी बसत नाही.”

“कुठला पोरगा?”

मी सांगितलं. काकीनं नाव दिलंय हे सांगितलं, पडताळणीचं सांगितलं आणि तो काही बोलत नाही हेही सांगितलं. म्हातारा जागच्या जागी थिजला. इतका वेळ ताठ असलेले खांदे खाली आले.

“त्येनं आमाला बघितलं?”

“बघितलं असावं.”

“आन् बोलला न्हाई?”

“नाही.”

सुभेदारांनी चाळणी खाली ठेवली. “गाढव,” ते म्हणाले, आणि तो शब्द ते पोराला म्हणाले की स्वतःला ते मला कळलं नाही. मग त्यांनी पोरांना सुट्टी दिली, गावात जाऊन आपल्या साथीदारांना घेऊन आले आणि सगळे जण माझ्या जीपमध्ये मागं दाटीवाटीनं बसले. आरोपी स्वतःहून असे वेळेवर, अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून जीपमध्ये बसलेले मी त्या आधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही.

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. वहिनी खुशाली देणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. आपण गावानं गोळा करून द्यावी तर तेही तिला चालणार नाही. पण ऊस डोळ्यांदेखत वाळत होता. तिकडं सीमेवर तिच्या नवऱ्याला कळलं तर त्याचं पोस्टवर लक्ष लागायचं नाही. म्हणून ठरलं की पेटवायचा. त्या भागात हे नवीन नाही, तोड मिळेना झाली की शेतकरी स्वतःच्या हातानं ऊस पेटवतो. कारखाना दरात थोडी कपात करतो, पण ऊस गाळपाला जातो. वारा पडलेली वेळ पाहिली, पट्टी साफ केली, नळ्या काढल्या, पंप भरून ठेवले.

“आणि तारांचं घर्षण?”

सुभेदार कानकोंडे झाले. “तिथं चुकलं सायेब. आमच्या मळ्याला दिसाची पाळी हाय. तिच्या लाइनला रातची, हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.”

“आणि तिला का सांगितलं नाही?”

“तिला ठावं असतं तर कारखान्यात तिला खोटं बोलावं लागलं असतं. ती खोटं बोलायची न्हाई. म्हणून तिला बाहीर ठिवलं. तिच्या डोक्याला ताप नगो म्हणून.”

ठाण्यात मी सगळ्यांना एकाच खोलीत घेतलं. वहिनी, थोरला दीर, पुतण्या आणि हे फौजी. सुभेदार वहिनींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “पोरी, तुझा ऊस आमी पेटवला.” आणि जे मला सांगितलं होतं ते जसंच्या तसं तिला सांगितलं.

मला वाटलं, आता वहिनी रडतील आणि आभार मानतील. मी चुकलो.

“तुमी रातचं पाणी पाजलं, लागण केली, मी तुमचं उपकार कवा इसरले?” त्या म्हणाल्या. “पण रान माझं हाय ना? मला येऊन इचारायचं तरी.”

“तू न्हाई म्हणली असतीस.”

“म्हणलं असतं! न्हाई म्हणायचा हक्क तरी माझ्याकडं ठिवायचा हुता. कुणास ठावं, व्हयसुदिक म्हणलं असतं. काडीपेटी माझ्या हातात दिली असती तर मीच लावली असती काडी. तुमी मला काय अंथरुणातली म्हातारी समजला? रातभर मी इचार करत बसले, माझं वाईट कोण चिंतितंय म्हणून. आन् शेवटी माझ्याच पोरावर बोट ठिवलं.”

युद्धं पाहिलेली ती माणसं फरशीकडे बघत उभी होती. सुभेदारांनी दोन्ही हात जोडले. “चुकलं आमचं,” ते म्हणाले, “लय चुकलं.”

मग वहिनी वळल्या. तिकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर सहसा तोंड वर करून बोलत नाही. त्या बोलल्या. “दादा, मी तुमचं नाव घेतलं. पोराचं घेतलं. मला माफ करा.”

तो रागीट माणूस, जो सकाळपासून माझा व्हरांडा डोक्यावर घेऊन बसला होता, एकदम विरघळला. “आगं, मीच बोललो हुतो बादलीचं,” तो म्हणाला. “म्हणून तर तुला तसं वाटलं. चल, घरी चल.” पोरगा अजून सावधानमध्येच होता. वहिनी त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. मग मात्र तो बसला.

आता कायद्याचं. काही वाचकांना वाटेल, साहेबांनी प्रकरण मिटवून टाकलं. तसं नाही. मी काहीही लपवलं नाही. फौजींचे जबाब जसे दिले तसे लिहिले. वहिनींनी पुरवणी जबाब दिला की पुतण्याचं आणि दिराचं नाव गैरसमजातून घेतलं, आणि फौजींविरुद्धही माझी तक्रार नाही. नुकसान करायचा हेतू नव्हता हे मी अहवालात कारणांसह मांडलं. फौजींवर प्रतिबंधक कारवाई करून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेतलं. कारखान्याला वहिनींनी स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं, त्यांच्या नियमाप्रमाणे कपात झाली आणि मुकादमाच्या खुशालीची तक्रारही त्याच फेरीत देऊन आल्या. वरिष्ठांनी मला बोलावून चांगलंच झापलं, गुन्हा दाखल करायला उशीर का केला म्हणून. त्यांचं बरोबर होतं. पण त्यांनी अहवाल मान्य केला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? तपासाच्या दृष्टीनं एक गोष्ट शिकवली, की काय जळलं एवढंच बघून भागत नाही, काय वाचवलंय तेही बघावं. ती पुढं मला फार उपयोगी पडली. पण दुसरी गोष्ट पोलीस खात्याबाहेरची आहे. सैनिकाच्या घराला मदत करायला आपल्याकडे माणसांची कमतरता नाही. सातारा-सांगलीत तर नाहीच. कुठलंही गाव घ्या, जवानाच्या घरावर संकट आलं की माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी धावतात. मला त्याचा अभिमान वाटतो आणि मी तो लपवत नाही. पण धावताना आपण धरून चालतो की मागं राहिलेली बाई बिचारी आहे, तिला काही कळत नाही, तिच्या वतीनं आपणच ठरवावं. ती घर चालवते, म्हाताऱ्यांचं करते, पोरांना शाळेत घालते, रान कसते आणि फोनवर नवऱ्याला सगळं ठीक आहे म्हणून सांगते. ती बिचारी कुठून झाली? मदत करायची तर आधी तिच्या दारात उभं राहून विचारावं. ती नाही म्हणाली तर परत फिरावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं. मी निवृत्तीनंतर माजी सैनिकांच्या मेळाव्यांना जातो, तिथं बोलायला सांगितलं की एवढंच बोलतो.

पोराच्या पडताळणीचे कागद पुढच्या महिन्यात आले. अशा कामासाठी गावातली दोन माणसं विचारायची असतात, उमेदवाराला चांगली ओळखणारी. नावं उमेदवारानंच द्यायची. साधारणपणे पोरं सरपंचाचं किंवा शाळेच्या हेडमास्तरांचं नाव देतात. या पोरानं पहिलं नाव उस्तादांचं दिलं होतं आणि दुसरं काकीचं.

एरवी या कामाला हवालदार जातो. या वेळी मी गेलो. वहिनी अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. मी कागद काढला आणि विचारलं, या मुलाला तुम्ही कधीपासून ओळखता आणि त्याची वागणूक कशी आहे.

त्यांनी सूप खाली ठेवलं. “माझंच नाव दिलंय त्येनं?”

“हो.”

“दुसरं कुणी गावलं न्हाई व्हय त्येला?” असं म्हणून त्या हसायला गेल्या आणि ओंजळीत तोंड घालून रडल्या. ठाण्यात, रानात, आगीसमोर ज्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती तिथं अंगणात बसून रडली. मी पेन हातात धरून थांबलो. बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सरळ बसल्या.

“लिवा सायेब,” त्या म्हणाल्या. “जन्मापासनं वळखते. त्येच्याइतका भरवशाचा पोरगा आमच्या घरात दुसरा न्हाई.”

मी तसंच लिहिलं, त्यांच्या शब्दांत, आणि खाली त्यांची सही घेतली.